शेंडा, पान आणि वजनकाटा: गांजा कायदेशीर करावा का?

प्रश्न एका वडिलांचा आहे, थोडक्यात असा: “मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. म्हणतो, दारूपेक्षा गांजा बरा, जर्मनी-कॅनडात तर कायदेशीरच झालाय, आणि आपल्याकडे भांग शंकराचा प्रसाद म्हणून चालते. मग गांजावर बंदी हा ढोंगीपणा नाही का? तुम्ही इतकी वर्षं या केसेस चालवताय. खरंच कायदेशीर करायला हवा का?”

मुलाचं निम्मं बरोबर आहे. कोणतं निम्मं, एवढंच बघायचंय.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्यातून काय वजा करायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी आरोपींचा वकील. चोवीस वर्षं जिल्हा न्यायालयात, त्यातली निम्मीअधिक एनडीपीएसच्या, म्हणजे अंमली पदार्थांच्या केसेसमध्ये. मी स्वतः ओढत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा.

भांगेपासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. झाड एकच. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे काय? झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. पानं आणि बिया शेंड्याबरोबर नसतील तर त्या गांजा नाहीत. चरस म्हणजे त्याच झाडाचा राळेसारखा चिकट अर्क. भांग पानांची, म्हणून ती या कायद्याच्या व्याख्येत येत नाही. त्यामुळेच उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं उघड चालतात. महाराष्ट्रात मात्र १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि मादक पदार्थ म्हणून भांग त्याच्या कक्षेत येते. तेव्हा जैसलमेरच्या दुकानात पाटी लावून मिळतं ते पुण्यात खिशात घेऊन फिरायचं नाही, हे मुलाला आजच सांगा.

पान सुटलं आणि शेंडा अडकला, हा काही शंकराचा आशीर्वाद नव्हे, ती वाटाघाट आहे. १९६१चा संयुक्त राष्ट्रांचा अंमली पदार्थांचा करार झाला तेव्हा भारताने पानांसाठी जोर लावला आणि कराराच्या व्याख्येतूनच पानं-बिया वगळल्या गेल्या. बाकीचा परंपरागत वापर बंद करायला देशांना २५ वर्षांची मुदत मिळाली. ती १९८९च्या अखेरीस संपत होती. अमेरिकेने दटावलं म्हणून राजीव गांधी सरकारने रातोरात कायदा केला, असं समाजमाध्यमांवर सर्रास वाचायला मिळतं. दबाव होता, नाही असं नाही. पण घड्याळ आधीपासून टिकटिकत होतं हे कोणी सांगत नाही.

त्याआधीची गोष्ट जास्त रंजक आहे. १८९३मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाला की हिंदुस्थानात लोक गांज्याने वेडे होतात म्हणे, आणि सरकार त्यावर कर घेतं. मग आयोग बसला. त्याने ११९३ साक्षीदार तपासले. बंगालमधलं नावगाव, मध्य प्रांतातलं खांडवा, मुंबई इलाख्यात आपला नगर जिल्हा, जिथे जिथे गांजा पिकायचा तिथली माहिती गोळा केली. वेड्यांच्या इस्पितळांच्या वह्याही उघडल्या. तिथे वेडाचं कारण म्हणून ‘गांजा’ असं लिहिलेलं असायचं. आयोगाने खोदून पाहिलं तर अनेकदा ते कारण डॉक्टरांनी शोधलेलंच नव्हतं. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने कागदावर जे भरलं तेच वहीत उतरलं होतं. १८९४च्या अहवालाने सांगितलं: बंदी नको, परवाना, कर आणि नियंत्रण ठेवा, माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, अतिरेकाने बिघडतं.

हा अहवाल आज समर्थकांचा लाडका आहे. मलाही आवडतो, पण वेगळ्या कारणासाठी. पोलिसाने कागदावर भरलेलं वाक्य पुढे सत्य म्हणून चालतं, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी पकडलं. मी ते दर महिन्याला पाहतो.

उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक केस आली. कोरडवाहू शेतकरी, तुरीच्या ओळींत गांज्याची ३७ झाडं. छापा पडला, झाडं मुळासकट उपटली, पोत्यांत कोंबली, गावातल्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. पंचनाम्यात ठरलेलं वाक्य: ‘हिरवट रंगाची, उग्र वासाची, पाने, फुले, बोंडे, काड्या असलेली ओलसर गांजासदृश झाडे, वजन २३ किलो ४०० ग्रॅम.’ आता कायद्याचा जिना बघा. १ किलोच्या आत ‘अल्प मात्रा’, जास्तीत जास्त एक वर्ष किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. त्यापुढे २० किलोपर्यंत ‘मधली मात्रा’, दहा वर्षांपर्यंत. २० किलोच्या वर गेलात की ‘व्यापारी मात्रा’: किमान १० वर्षं, कमाल २०, शिवाय एक ते दोन लाख दंड. आणि जामिनाला कलम ३७ आडवं येतं. म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी जामीन देतानाच कोर्टाला पटाव्या लागतात. खटला सुरूही झालेला नसताना.

माझ्या अशिलाचा सगळा प्रश्न त्या ३ किलो ४०० ग्रॅममध्ये अडकला होता. काट्यावर काय चढलं होतं? मुळं, मुळांना चिकटलेली काळी माती, अंगठ्याएवढे जाड बुंधे, पानं. व्याख्येत बसणारे शेंडे किती? कोणी वेगळे काढलेच नव्हते. चार महिन्यांनी कलम ५२अ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर मोजदाद झाली तेव्हा माल वाळलेला, वजन सोळा किलोंच्या आत. पोत्याच्या तळाशी ओंजळभर माती. मी ती माती दाखवली, मुंबई उच्च न्यायालयाचे याच मुद्द्यावरचे जामिनाचे आदेश दाखवले. जामीन झाला. पण तोपर्यंत माणूस सात महिने आत होता. तूर कोणी काढलीच नाही, शेंगा शेतातच फुटल्या.

तो निष्पाप होता असं मी म्हणत नाही. झाडं त्याने लावली होती, आणि विनापरवाना लागवड हा वजन कितीही असो गुन्हाच आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. माझं म्हणणं एवढंच की दहा वर्षं ‘किमान’ की ‘कमाल’, हे ज्या देशात मुळाला चिकटलेल्या मातीवर ठरतं, तिथे चर्चा ‘कायदेशीर की बेकायदेशीर’ या एका प्रश्नावर सुरू करून चालणार नाही. (मुद्देमालाचं म्हणाल तर २०२२मध्ये मथुरेत पोलिसांनी कोर्टात सांगितलं होतं की जप्त केलेला पाचशे किलोंहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ला. आमच्या बार रूममध्ये तो विनोद अजून चालू आहे.)

आता शहरातलं चित्र, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाचं. टेकडीवर, नदीपात्रात, हॉस्टेलच्या गच्चीवर तीन पोरं सापडतात. एकाच्या हातात जळती सिगारेट, दुसऱ्याच्या खिशात चार-पाच ग्रॅमची पुडी. कलम ८(क) सह २७, सेवन. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या प्रकरणात म्हटलं की एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, अल्प मात्रेचेसुद्धा. म्हणजे चार ग्रॅमसाठीही ठाण्यातून जामीन हा हक्क नाही, कोर्टात यायचं. तिथे बहुतेकांना जामीन मिळतो. नंतर कोणीतरी कानात सांगतं, ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, आजच सुटशील.’ पोरगं कबूल करतं. या ‘आजच सुटशील’बद्दल शेवटी बोलतो.

ही सगळी यंत्रणा, म्हणजे पंच, काटा, लाखेचं सील, प्रयोगशाळेचा अहवाल, सरकारी वकील, न्यायाधीश, चार ग्रॅमसाठी राबते. आणि आंध्र-ओडिशा सीमेवरून, मलकानगिरी-कोरापुटच्या डोंगरातून ट्रकच्या चोरकप्प्यात निघणारा माल सोलापूरमार्गे पुण्या-मुंबईत पोहोचतच राहतो. पकडला जातो तो ड्रायव्हर. माल कोणाचा, हे मी पाहिलेल्या दोषारोपपत्रांत ‘अज्ञात इसम’ या दोन शब्दांत संपतं. आपल्याकडेही धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वनजमिनीवर गांज्याची शेती सापडत असते. पोलीस उपटतात, जाळतात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा.

म्हणून माझं पहिलं मत, आणि त्याबद्दल मला शंका नाही: स्वतःच्या सेवनासाठी जवळ बाळगलेल्या थोड्या मात्रेला तुरुंग आणि गुन्हेगारीची नोंद, दोन्ही काढायला हवं. २०२१मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने साधारण हेच सुचवल्याच्या बातम्या होत्या: वापरणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, रुग्ण समजा. कायदा अजून तिथेच आहे.

‘दारूपेक्षा बरा’ हे मुलाचं वाक्य मात्र तसं सोडू नका. एम्सच्या २०१९च्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले सुमारे ३.१ कोटी लोक वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले निघाले. दारू घेणारे १६ कोटी. दारूने ज्यांचं नुकसान होतंय किंवा जे तिच्यावर अवलंबून आहेत असे ५.७ कोटी; गांजा-भांगेच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. आकडे पाहिले तर दारू कितीतरी मोठा राक्षस आहे, मान्य. पण ‘त्याच्यापेक्षा बरा’ म्हणजे ‘बरा’ नव्हे. साधारण दहा वापरणाऱ्यांत एकाला सवय जडते, किशोरवयात सुरू केली तर सहांत एकाला, असा सर्वमान्य अंदाज आहे. कमी वयात, रोज आणि तेज माल ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो. घरात आधीपासून असा आजार असेल तर जास्तच. मी डॉक्टर नाही. पण कोर्टाच्या व्हरांड्यात हसऱ्या चेहऱ्याने आलेला आणि दोन वर्षांनी तारखेला भिंतीशी बोलणारा मुलगा मी पाहिलाय. गांज्यामुळेच झालं का, हे मी सांगू शकत नाही. त्याची आई गांज्याचंच नाव घ्यायची.

मालही बदललाय. नगर-सातपुड्याचा देशी गांजा बीदार असायचा. नर झाडं वेळीच उपटली नाहीत तर बोंडात बी धरतं आणि माल उतरतो. आता मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांत जे सापडतं त्याला पोरं ‘हायड्रो’ म्हणतात: बंद खोलीत, दिव्यांखाली, मातीशिवाय वाढवलेला, नशेचं द्रव्य कितीतरी पट. १८९४च्या आयोगाने हे पाहिलेलं नव्हतं. चिलमीला साफी गुंडाळून बसलेल्या साधूचा दाखला देऊन या मालाची वकिली करता येत नाही.

‘परदेशात कायदेशीर झालाय’ हे वाक्य तर इतकं ढोबळ आहे की मी ते साक्षीत टिकू देणार नाही. जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून प्रौढाला बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि तीन झाडं ठेवता येतात. शिवाय सभासदांपुरते लागवड करणारे क्लब. दुकान नाही! पोर्तुगालचं नाव सगळे घेतात, तिथे गांजा कायदेशीर नाहीच. २००१पासून साधारण दहा दिवसांपुरती मात्रा जवळ सापडली तर फौजदारी खटल्याऐवजी एका समितीपुढे जावं लागतं, तिथे समुपदेशनाला बसवतात किंवा दंड करतात. हॉलंडच्या कॉफी शॉपमध्ये पाच ग्रॅमपर्यंत विक्री चालवून घेतली, पण दुकानाच्या मागच्या दाराने येणारा माल बेकायदाच राहिला, म्हणजे पुरवठा टोळ्यांच्याच हातात. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८पासून सगळंच खुलं केलं. पण वयाची अट, साधं वेष्टन, जाहिरातीला लगाम, काही प्रांतांत सरकारी दुकानं. तरी काळा बाजार आटला, संपला नाही. आणि थायलंड हा मला सगळ्यांत बोलका दाखला वाटतो. जून २०२२मध्ये अंमली पदार्थांच्या यादीतून गांजा काढला, नियम नंतर करू म्हणाले. कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं उघडली. सर्वंकष कायदा झालाच नाही, आणि जून २०२५मध्ये पुन्हा ‘फक्त वैद्यकीय कारणासाठी’वर यावं लागलं. दरम्यान ज्यांनी दुकानात पैसे घातले ते बसले कपाळाला हात लावून.

इथे माझं दुसरं मत येतं, आणि त्यावर माझे तरुण सहकारी माझ्याशी भांडतात. खुल्या बाजाराला माझा आज तरी विरोध आहे. गांजा पाप आहे म्हणून नव्हे, आपल्या परवाना-यंत्रणेकडे पाहून. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. तुमच्या घराजवळच्या टपरीवर जाऊन बघा. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५मध्ये दारूबंदी केली, २०२१मध्ये उठवली. मधल्या काळात तिथल्या कोर्टांत दारूच्या केसेसचा ढीग लागला. मालवणीत जून २०१५मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, तीही दारू कायदेशीर असलेल्या मुंबईत, कारण कायदेशीर दारू त्या वस्तीला परवडत नव्हती. म्हणजे आपल्याला बंदीही राबवता येत नाही आणि परवानगीही. परवान्याचं दुकान निघालं की ते कोणाच्या मेव्हण्याला मिळेल, हे तुम्हीही सांगू शकता. एकदा राज्याच्या तिजोरीला त्या महसुलाची चटक लागली की शाळेपासूनचं अंतर मोजायला कोणी टेप घेऊन येत नाही.

सहकारी म्हणतात, ‘सर, मग शिक्षा काढून विक्री बेकायदाच ठेवली तर हॉलंडसारखं मागचं दार उघडंच राहणार की.’ बरोबर आहे त्यांचं. माझ्याकडे याला पक्कं उत्तर नाही. घरच्या वापरापुरती दोन-तीन झाडं लावू देणं, ही जर्मनीची वाट मला त्यातल्या त्यात कमी वाईट दिसते, कारण तिच्यात ना ठेकेदार, ना टोळी.

शेतकऱ्यांचं एक वेगळं. २०२१मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती, कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून. लोकांनी बातमी हसून वाचली. अर्ज कायद्याला सोडून नव्हता. कलम १० राज्य सरकारला परवानगीचे अधिकार देतं आणि कलम १४ धाग्यासाठी, बियांसाठी लागवडीची वाट ठेवतं. उत्तराखंडने २०१८मध्ये ती वाट घेतली, नशेच्या द्रव्याचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत हवं या अटीवर. २०२१मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या झाडाच्या बिया आणि बियांचं तेल अन्न म्हणून मान्य केलं. गोव्यात २०२०च्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव आला, गदारोळ झाला, मागे पडला. धागा, बिया, औषध यांचा नशेच्या वादाशी संबंध नाही. ते खुशाल पुढे न्यावं. फक्त शेतकऱ्याला ‘गांज्याचा एकरी भाव’ सांगून फसवू नये. गांज्याला भाव आहे तो बंदीमुळे. बंदी उठली की तो कांद्याच्या वाटेने जाईल.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. तो ओढतो की नुसता वाद घालतो, ते मी विचारत नाही, तुम्ही मात्र शांतपणे विचारा. ओढत असेल आणि सोडायची इच्छा असेल, तर कलम ६४अ लक्षात ठेवा: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले आणि पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालत नाही. याचा उपयोग फार कमी जण करतात, कारण कोणी सांगत नाही.

आणि ते ‘आजच सुटशील’. एका मुलाने सेकंड इयरला असताना कबुली दिली, काही हजार दंड भरला, घरी कळूही दिलं नाही. चार वर्षांनी अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. व्हिसाच्या अर्जात अंमली पदार्थांच्या गुन्ह्याबद्दल सरळ प्रश्न असतो. कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत दुकानात गांजा मिळतो, पण व्हिसा देतं ते अमेरिकेचं केंद्र सरकार आणि त्याच्या कायद्यात गांजा बेकायदाच आहे. दोषसिद्धी तर सोडाच, नुसती कबुलीही परदेशी नागरिकाला तिथे नडते. तो मुलगा आणि त्याचे वडील माझ्या ऑफिसात आले, हातात निकालाची प्रमाणित प्रत. अर्ध्या पानाचा निकाल. आरोपीने गुन्हा स्वेच्छेने कबूल केला, सबब दोषी. केस फाइल मागवून पाहिली तर झडतीच्या पंचनाम्यातले दोन्ही पंच त्याच ठाण्याच्या हद्दीतले नेहमीचे होते, आणि पुडीच्या रासायनिक तपासणीचा अहवाल कबुलीच्या दिवशी आलेलाच नव्हता. अपिलाची मुदत कधीच गेली होती. आम्ही उशिराच्या माफीचा अर्ज लावलाय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.